गोळा, बाण आणि फूल

२०२४ सालच्या सप्टेंबर महिन्यात पॅरिस येथे भरलेल्या पॅरालिंपिक क्रीडास्पर्धांत, सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातील करगणी गावचे सचिन सर्जेराव खिलारी यांनी एफ-४६ ह्या, हाताचे अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या गटात, १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्ट यांच्याकडे गेले. त्यांचा गोळा १६.३८ मीटरांवर पडला होता. सोने आणि रुपे ह्यांच्यामध्ये अंतर होते ते अवघ्या सहा सेंटिमीटरांचे. आता ह्या गटातील गोळ्याचे वजन सहा किलो, व्यास साधारण साडेअकरा सेंटिमीटर आणि हातातून सुटतानाचा वेग सेकंदाला बारा मीटरांच्या आसपास, एवढी सामग्री घेऊन हिशेब मांडला तर असे निघते की, वाटेत हवा मुळीच नसती तर तो गोळा आणखी सात-आठ सेंटिमीटर पुढे पडला असता. हवेने जे काढून घेतले ते दोन पदकांमधल्या अंतराहून मोठे होते. मात्र तिने ते दोघांकडूनही जवळजवळ सारखेच घेतले, म्हणून निकालास बाध आला नाही.

फेकलेल्या वस्तूच्या मार्गाचे गणित आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांतून शिकविले जाते तेव्हा त्याच्या आरंभीच एक लहानसे वाक्य येते, ते असे की, हवेचा रोध नगण्य मानावा. एकदा ते मान्य केले म्हणजे पुढचे सारे सुरळीत होते. वस्तूचा मार्ग अन्वस्त नावाच्या सुरेख, दोन्ही बाजूंनी सारख्या वक्राचा ठरतो, पंचेचाळीस अंशांच्या कोनात सर्वांत लांबचा पल्ला मिळतो, वेग दुप्पट केला की पल्ला चौपट होतो, आणि विद्यार्थी गुण मिळवून मोकळा होतो. ह्या गणितावर माझा आक्षेप नाही. ते खिलारी यांच्या गोळ्यास चोख लागू पडते आणि त्यातील चूक शेकडा अर्ध्याच्या घरात राहते. आक्षेप आहे तो त्या लहानशा वाक्यावर, कारण ते मानावे की मानू नये हे ठरविण्याची कसोटी त्या वाक्याबरोबर क्वचितच सांगितली जाते, आणि ती सांगितली नाही म्हणजे नियम कोठे संपतो व अपवाद कोठे सुरू होतो हे विद्यार्थ्यास आयुष्यभर कळत नाही. सातारा आणि सांगली ह्या दोन शेजारच्या जिल्ह्यांनी गोळाफेक, धनुर्विद्या आणि बॅडमिंटन ह्या तिन्ही खेळांत थोर खेळाडू दिले असल्यामुळे, ही कसोटी समजून घेण्यासाठी लागणारी सारी उदाहरणे आपल्याला कृष्णाकाठीच सापडतात.

कसोटी अशी आहे. हवेतून जाणाऱ्या वस्तूस हवा मागे ढकलते. ह्या ढकलण्याचे बल हवेच्या घनतेच्या प्रमाणात, वस्तूच्या समोरून दिसणाऱ्या छेदाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. वस्तूचा आकार कसा आहे, पृष्ठभाग गुळगुळीत की खरबरीत, ह्यावरही ते अवलंबून असते. परंतु हे बल किती आहे एवढेच पाहून भागत नाही. त्याची तुलना करावयाची ती वस्तूच्या स्वतःच्या वजनाशी. खिलारी यांच्या गोळ्यावर हवेचा जो जोर पडला तो त्याच्या वजनाच्या दीडशेव्या हिश्श्याच्या आसपास होता, म्हणून तो नगण्य. जेथे हा जोर वजनाच्या बरोबरीस येतो तेथे अन्वस्ताचा अंमल संपतो, आणि जेथे तो वजनाच्या अनेकपट होतो तेथे वस्तू कोठे जाईल हे बव्हंशी हवाच ठरविते. ह्यात आणखी एक मेख आहे. छेद हा व्यासाच्या वर्गाने वाढतो आणि वजन व्यासाच्या घनाने. म्हणून एकाच धातूच्या दोन गोळ्यांपैकी लहान गोळा हवेस अधिक लवकर वश होतो.

ह्या कसोटीस लागणारे पहिले उदाहरण साताऱ्याच्या इतिहासातच आहे. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब बादशहा जातीने साताऱ्यास येऊन अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतरला आणि त्याच्या फौजेने किल्ल्यास वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी तो साडेचार महिन्यांच्या आसपास झुंजविला. मोगली मोर्च्यांतून तोफांचा मारा चालू होता, पण तट फोडण्याचे काम अखेर तोफांनी नव्हे तर १७०० च्या एप्रिलमध्ये उडविलेल्या सुरुंगांनी केले, आणि त्यांपैकीही एकाचा ढिगारा खुद्द मोगली लोकांवरच कोसळला. राजाराम महाराजांचे मार्च महिन्यात सिंहगडावर निधन झाले होते. एप्रिल सरता सरता किल्ला मोगलांच्या हवाली झाला आणि बादशहाने त्याचे नाव आझमतारा असे ठेवले. डोंगरी किल्ल्यांवर तोफा फारशा का चालत नसत ह्याचे कारण कोणी सांगू लागले म्हणजे सामान्यतः उंचीचे नाव पुढे येते. अजिंक्यतारा शहरापासून सुमारे तीनशे मीटर उंच आहे. एवढा चढ चढताना गोळ्याचा दम जात असला पाहिजे, असे मनास सहज वाटते.

हे मत तपासून पाहण्याजोगे आहे. समजा, अकरा किलो वजनाचा आणि चौदा-साडेचौदा सेंटिमीटर व्यासाचा लोखंडी गोळा सेकंदाला चारशे मीटर वेगाने तोफेच्या तोंडातून सुटला. तीनशे मीटर चढण्यात गुरुत्वाकर्षणामुळे त्याच्या वेगातून जे कमी होते ते सेकंदाला सात-आठ मीटर. चारशेंतून सात-आठ, म्हणजे काहीच नव्हे. ह्याच गोळ्यावर तोंडाशी हवेचा रोध मात्र त्याच्या वजनाच्या दहापटीहून अधिक असतो, आणि एक किलोमीटर अंतर कापेपर्यंत त्याचा वेग अडीचशेच्याही खाली उतरतो. आघात करण्याची शक्ती वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने, तटावर आदळताना तिचा तिसरा हिस्सा उरला तरी पुष्कळ. वर चढण्यापायी नव्हे, तर वाटेतल्या हवेपायी त्या गोळ्याचे बळ खर्ची पडते. सपाट मैदानातील किल्ल्यावर इतक्याच अंतरावरून तोफ डागली असती तरी ते जवळजवळ तेवढेच खर्ची पडले असते. डोंगराची उंची कामास येत होती ती निराळ्या रीतीने, मोगली तोफखान्यास जवळ येऊ न देण्याच्या. पल्ल्याच्या बाबतीत तर हवेचा अंमल आणखी कडक आहे. निर्वात पोकळीत हा गोळा पंचेचाळीस अंशांत सोडला तर सोळा किलोमीटरांवर पडेल. हवेत त्याचा चौथा हिस्सा गाठणेही त्यास कष्टाचे.

तोफखान्यावर काम करणाऱ्या जुन्या लोकांना हे अनुभवाने ठाऊक होते. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती तार्ताल्या ह्याने १५३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गोळ्याचा मार्ग तीन तुकड्यांचा दाखविला: आधी सरळ वर जाणारी रेषा, मग एक लहानशी कमान आणि शेवटी सरळ खाली येणारी रेषा. १६३८ मध्ये गॅलिलिओने अन्वस्ताचा सिद्धान्त सिद्ध केला, तेव्हा तार्ताल्याचे चित्र अज्ञानमूलक म्हणून बाजूस पडले. त्यातील कारणमीमांसा चुकीची होतीच. तथापि वेगवान गोळ्याच्या प्रत्यक्ष मार्गाशी त्या चित्राचे साम्य अन्वस्तापेक्षा अधिक आहे, आणि बंदुकीच्या दारूने मिळणाऱ्या प्रचंड वेगाला आपला सिद्धान्त जसाच्या तसा लागू पडणार नाही हे खुद्द गॅलिलिओने त्याच ग्रंथात नमूद करून ठेविले होते. त्याच्या अनुयायांनी मात्र ती नोंद बाजूस ठेवली, आणि पुढची शंभर वर्षे तोफांचे तक्ते अन्वस्तावरून तयार होत राहिले.

हा भ्रम मोडला तो बेंजामिन रॉबिन्स ह्या इंग्रज गणितज्ञाने. त्याने १७४२ मध्ये तोफविद्येवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वर्णिलेली त्याची युक्ती अतिशय साधी होती. लाकडाचा एक जड ठोकळा लोलकासारखा टांगावयाचा, त्यावर बंदुकीची गोळी मारावयाची, आणि ठोकळा किती झुलतो हे मोजून गोळीचा वेग काढावयाचा. ठोकळा बंदुकीपासून निरनिराळ्या अंतरांवर टांगून त्याने गोळीचा वेग वाटेत किती गळतो ते मोजले, आणि निघालेले उत्तर सर्वांस अविश्वसनीय वाटण्याजोगे होते: पाऊण इंच व्यासाच्या शिशाच्या गोळीवर, ती पूर्ण वेगात असताना, हवेचा रोध तिच्या वजनाच्या सुमारे एकशेवीसपट असतो. अजिंक्यताऱ्याच्या हिशेबात आपण घेतलेल्या मोठ्या गोळ्याशी ही गोळी ताडून पाहिली की व्यासाच्या वर्गाचा आणि घनाचा वर सांगितलेला भेद किती निर्णायक आहे हे ध्यानी येते. किल्ले घेणाऱ्या फौजा अवजड तोफा ओढून नेण्याचा खटाटोप का करीत, ह्याचे एक कारण येथे आहे. थोर गणिती ऑयलर ह्याने तीनच वर्षांत रॉबिन्सचा ग्रंथ जर्मन भाषेत आणला. पुढे रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि मद्रास इलाख्याच्या किनाऱ्यावरील सेंट डेव्हिड किल्ल्यात १७५१ साली तापाने निवर्तला.

तोफगोळा गेला, आता बाणाकडे वळू. येथे मात्र सातारा जिल्ह्याकडे अभिमानाने बोट दाखविता येते. फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव हे टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळले. २०२३ च्या जुलै महिन्यात आयर्लंडमधील लिमरिक येथे पार्थ साळुंखे हे एकवीस वर्षांखालील रिकर्व्ह गटात जगज्जेते झाले, आणि त्या प्रकारात युवा जगज्जेतेपद मिळविणारे पहिले भारतीय पुरुष ठरले. त्यानंतर महिन्याच्या आतच, ५ ऑगस्ट रोजी, बर्लिन येथे साताऱ्याच्या अदिती स्वामी यांनी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात प्रौढांचे जगज्जेतेपद जिंकले. अंतिम सामन्यात मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेरा यांच्याविरुद्ध त्यांनी शक्य असलेल्या १५० गुणांपैकी १४९ मिळविले, म्हणजे पंधरा बाणांपैकी चौदा थेट दहाच्या वर्तुळात रुतले. त्यांचे शिक्षण झाले साताऱ्यातच, प्रवीण सावंत यांच्या दृष्टी अकादमीत.

रिकर्व्ह धनुष्याचे लक्ष्य सत्तर मीटरांवर असते आणि बाणास तेथे पोहोचण्यास सुमारे सव्वा सेकंद लागतो. सव्वा सेकंद हा काळ किरकोळ वाटतो, पण तेवढ्यात बाण आपल्या मूळच्या सरळ रेषेपासून साडेसात मीटर खाली येतो; म्हणजे नेम धरताना धनुर्धराने दुमजली इमारतीइतकी उंची मनात आणि यंत्रात जमेस धरलेली असते. हा झाला गुरुत्वाचा भाग, आणि तो दर खेपेस तोच असल्याने सवयीने साधतो. हवेचा भाग निराळा. कार्बनच्या त्या काठीची जाडी पाच-सहा मिलिमीटर, वजन अठरा-वीस ग्रॅम. समोरून पाहिले तर ती एखाद्या टिंबाएवढी दिसते, आणि तरीही तिच्यावरील रोध तिच्या वजनाच्या एकतृतीयांशाच्या घरात जातो, कारण वेग सेकंदाला पंचावन्न-साठ मीटर असून काठीच्या सबंध लांबीवरून हवा घासत जाते. बाणाच्या शेपटीची पिसे हा रोध वाढवितात, तरी ती लावावीच लागतात. बाणाचा गुरुत्वमध्य जड टोकाच्या बाजूस, पुढे असतो. हवेचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो तो बिंदू पिसांमुळे मागे ओढला जातो. त्यामुळे बाण जरा तिरपा झाला की हवाच त्याची शेपटी ढकलून त्याला सरळ करते. धनुष्यातून सुटताना दोरीच्या धक्क्याने काठी वाकते आणि माशाप्रमाणे वळवळत पुढे निघते. ही वळवळ लवकर शमविण्याचे कामही पिसांकडेच असते.

परंतु हीच पिसे आडव्या वाऱ्यात शत्रू होतात. बाजूने वारा आला की बाण आपले नाक किंचित वाऱ्याकडे वळवितो, आणि मग काठीच्या दिशेने मागे ओढणारा रोध सरळ मागे न ओढता थोडासा बाजूसही ओढू लागतो. बाण किती सरकेल ह्याचा एक नेटका नियम आहे. हवा नसती तर बाणाला लक्ष्यापर्यंत जितका वेळ लागला असता त्याहून हवेत जितका अधिक लागतो, त्या विलंबास आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणावे. येणारा गुणाकार म्हणजे बाणाचे सरकणे. सत्तर मीटरांत हा विलंब सेकंदाच्या पाच-सहा शतांशांहून मोठा नसतो. पण वारा सेकंदाला तीन मीटर असला, झाडाची पाने सळसळतील एवढाच असला, तरी बाण सोळा सेंटिमीटरांच्या आसपास बाजूस जातो. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ६.१ सेंटिमीटर असल्याने तो बाण नऊचेही वर्तुळ ओलांडून आठात जाऊन रुततो. कंपाउंड धनुष्याचा बाण वेगवान आणि त्याचे लक्ष्य पन्नास मीटरांवर, म्हणून विलंब कमी. पण तेथे दहाचे वर्तुळही लहान, चार सेंटिमीटर त्रिज्येचे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या कराव्यात इतका वारा ज्या जिल्ह्यात वाहतो, तेथील मुलांनी ह्या विद्येत जगज्जेतेपद मिळवावे, ह्याचे मला अपार कौतुक वाटते. लक्ष्यावरच्या इवल्याशा निशाणाची फडफड वाचून, वाऱ्याच्या अंगाला किती सेंटिमीटर नेम सरकवावा हे त्या मुला-मुलींना काही क्षणांत ठरवावे लागते.

माण, खटाव, आटपाडी, जत ह्या दुष्काळी पट्ट्यात शाळूच्या राखणीस माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणारे राखणदार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हवेचा जोर आणि वस्तूचे वजन ह्यांचे हे प्रमाण निराळ्या रूपाने परिचित आहे. गोफणगुंडा वाटोळा आणि भरीव निवडावा, चपटा खडा घेऊ नये, असा त्यांचा रिवाज. चपटा खडा हवेत कलंडला की त्याचा छेद आणि त्यावरील बलाची दिशा क्षणोक्षणी बदलते, आणि पाखरांच्या थव्यावर सोडलेला दगड भलतीकडेच जातो.

हवा केवळ मागे ओढीत नाही, ती आडवेही ढकलते, हे बाणात दिसले. चेंडूत ते अधिक ठसठशीत दिसते. सांगलीत १९१५ साली जन्मलेले विजय हजारे हे फलंदाज म्हणून अधिक प्रसिद्ध. ॲडलेड येथे १९४८ च्या जानेवारीत एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत त्यांनी शतके काढली. त्याच सामन्यात ब्रॅडमन यांना २०१ धावांवर त्रिफळाबाद करणारे मध्यमगती गोलंदाजही तेच होते. क्रिकेटच्या चेंडूची शिवण तिरपी धरून तो टाकला की एका अंगाला शिवणीमुळे हवेचा पृष्ठालगतचा पातळ थर खवळतो आणि चेंडूस अधिक वेळ चिकटून राहतो, तर दुसऱ्या गुळगुळीत अंगावरून तो लवकर सुटतो. चेंडूमागची हवा त्यामुळे एका बाजूस वळते आणि प्रतिक्रियेने चेंडू दुसऱ्या बाजूस, म्हणजे शिवण ज्या अंगाला रोखलेली त्या अंगाला, सरकतो. फिरणाऱ्या चेंडूचे वळणे ह्याहून निराळे असून त्यास माग्नुस ह्या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव मिळाले आहे. त्याचे प्रयोग १८५२ चे, परंतु गोळीस फिरकी मिळाली की ती बाजूस वळते हे रॉबिन्सने त्यापूर्वी शंभर वर्षे, नळी वाकविलेल्या बंदुकीने दाखवून दिले होते.

आता ज्या वस्तूसाठी हे सारे प्रकरण लिहावयास घेतले तिच्याकडे येतो. बॅडमिंटनचे फूल ही माणसाने खेळासाठी बनविलेली कदाचित सर्वांत विलक्षण प्रक्षेप्य वस्तू असेल. बुचाचे अर्धगोल डोके, त्यात खोचलेली सोळा पिसे, आणि सगळ्याचे मिळून वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. खेळ जुना, पण त्याच्या आजच्या रूपाच्या जडणघडणीत एकोणिसाव्या शतकातील पुण्याच्या छावणीचा वाटा एवढा मोठा की प्रथम तो पूना ह्याच नावाने ओळखला जाई. ह्या खेळात भारताला पहिले आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले ते सांगलीच्या नंदू नाटेकर यांनी. १२ मे १९३३ रोजी सांगलीत जन्मलेले नाटेकर आरंभी टेनिस खेळत. कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हार पत्करल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले, १९५६ मध्ये क्वालालंपूर येथे सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकले, राष्ट्रीय एकेरीचे विजेतेपद त्यांनी सहा वेळा मिळविले, आणि १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा बॅडमिंटनसाठीचा पहिला मान त्यांचाच होता. २०२१ च्या जुलैमध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या खेळाची ख्याती ताकदीसाठी नव्हती. ती होती फटक्यांच्या नजाकतीसाठी, फसव्या मनगटासाठी आणि जाळीलगतच्या हळुवार खेळासाठी. ताकदीपेक्षा नजाकतीला ह्या खेळात इतका मान का, ह्याचे उत्तर हवेच्या हिशेबात आहे.

फूल उंचावरून सोडले तर थोड्याच वेळात त्याचा वेग सेकंदाला साडेसहा-सात मीटरांवर स्थिर होतो. तेथे हवेचा रोध बरोबर वजनाइतका झालेला असतो. आता २०२३ च्या एप्रिलमध्ये जपानमधील सोका येथे सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांनी मारलेल्या फटक्याची नोंद पाहा: ताशी ५६५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५७ मीटर. स्थिर वेगाच्या हा सुमारे तेवीसपट. रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून रॅकेटपासून सुटताक्षणी त्या पाच ग्रॅमच्या फुलावर हवेचा जोर त्याच्या वजनाच्या पाचशेपटीहून अधिक होता. रॉबिन्सच्या बंदुकीच्या गोळीचा आकडा एकशेवीस होता, हे येथे आठवावे. अशा स्थितीत दर सव्वातीन मीटरांस फुलाचा वेग निम्मा होतो, आणि दहा मीटर जाईतो तो आठव्या-नवव्या हिश्श्यावर येतो. फुलाचे मूल्य ह्या हानीतच आहे, कारण तीमुळेच असा फटका परतविणे मानवी डोळ्यास आणि हातास शक्य होते.

फटका बसतो तेव्हा फूल बुचाच्या बाजूने सामोरे आलेले असते. रॅकेटला लागून उलट दिशेने निघताना पिसे पुढे आणि बूच मागे अशी त्याची अवस्था होते. परंतु जड बूच आणि हलकी, विस्तारलेली पिसे ह्यांची जोडी बाणाच्या टोकापिसांप्रमाणेच काम करते, आणि सेकंदाच्या दोन-तीन शतांशांत फूल उलटून बूच पुढे करते, थोडे डोलते आणि मग स्थिर होते. सोळा पिसे एकमेकांवर एकाच बाजूने चढवलेली असल्याने ते उडताना स्वतःभोवती एकाच दिशेस फिरते. पिसांच्या देठांमधील फटी निरर्थक दिसतात. त्या बुजविल्या तर रोध उलट कमी होतो, कारण फटींतून आत शिरलेली हवाच फुलास अधिक अडवून धरीत असते. नायलॉनच्या फुलाचा घेर जोरदार फटक्यात आत दबतो, रोध घटतो आणि ते पिसांच्या फुलापेक्षा वेगाने पुढे जाते. जाणत्या खेळाडूंना ते का मानवत नाही, हे ह्यावरून कळावे.

पण सर्वांत महत्त्वाचा परिणाम मार्गाच्या आकारात दिसतो. मागच्या रेषेपासून उंच मारलेले फूल प्रथम जवळजवळ सरळ रेषेत वर झेपावते, माथ्याशी त्याचा आडवा वेग संपून गेलेला असतो, आणि मग ते भिंतीला लागून खाली यावे तसे जवळजवळ लंबरेषेत उतरते. तार्ताल्याने तोफगोळ्यासाठी काढलेली तीन तुकड्यांची आकृती ती हीच. अन्वस्तात वेग दुप्पट केला की पल्ला चौपट होतो, हे आपण आरंभी पाहिले. फुलाचा वेग दुप्पट केला तर पल्ल्यात भर पडते ती दोन-अडीच मीटरांची. आडदांड खेळाडूने कितीही जोर लावला तरी ह्या भिंतीपलीकडे फूल फारसे जात नाही, आणि १३.४० मीटर लांबीचे मैदान दोघांनाही पुरते. ताकदीचे मोल हवेने असे उतरविल्यावर शिल्लक उरते ते वेळ, कोन आणि फसवणूक ह्यांचे मोल. नाटेकरांसारख्या खेळाडूचे राज्य तेथेच सुरू होते.

हवा विरळ झाली की ही भिंत पुढे सरकते, आणि खेळाचे नियम करणाऱ्यांनी त्याची दखल घेतलेली आहे. फुलांचे वेगानुसार क्रमांक असतात. उंच प्रदेशात मंद फुले वापरतात. योग्य फुलाची परीक्षा नियमातच सांगितली आहे: खेळाडूने मागच्या रेषेवर उभे राहून, बाजूच्या रेषेस समांतर, खालून वर पूर्ण जोराचा फटका मारावा, फूल समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे ५३० ते ९९० मिलिमीटरांच्या दरम्यान पडले तर ते योग्य. हा पट्टा ४६ सेंटिमीटरांचा आहे. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर, महाबळेश्वर साडेतेराशेंच्या आसपास. दोहोंमधील हवेच्या घनतेत सात-आठ टक्क्यांचा फरक पडतो. हिशेबाने पाहता, सांगलीत ह्या पट्ट्याच्या मध्यावर पडणारे फूल महाबळेश्वरी अर्ध्या मीटरहून अधिक पुढे, म्हणजे पट्ट्याबाहेर पडावयास हवे.

साताऱ्या-सांगलीच्या विज्ञानशिक्षकांस माझी विनंती आहे की, त्यांनी हा प्रयोग आपल्या विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. पिसांच्या बारा फुलांचा एकच डबा घ्यावा. सांगलीतील एखाद्या शाळेने बंद सभागृहात, वारा व पंखे वर्ज्य करून, एकाच खेळाडूच्या हातून त्यांची परीक्षा घ्यावी, प्रत्येक फूल कोठे पडले ते खडूने आखून फीतीने मोजावे, आणि मग तीच फुले व तोच खेळाडू महाबळेश्वरच्या किंवा पाचगणीच्या शाळेत नेऊन मोजणी पुन्हा करावी. दोन्ही ठिकाणचे तापमानही टिपून ठेवावे, कारण थंड हवा अधिक दाट असते आणि हा फरक थोडासा झाकते. फुले मारून मारून पिसे मोडतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी एका फुलास तीनांहून अधिक फटके मारू नयेत.